घरातून निघालेली यंत्रे पुन्हा घरात

यंत्रयुगाच्या इतिहासात अग्रपूजेचा मान कापडाच्या गिरण्यांना, वाफेच्या इंजिनाला आणि आगगाडीला मिळतो. लाकूड चिरणारी, रंधणारी आणि कातणारी यंत्रे त्या इतिहासाच्या ओसरीवरच बसून राहिली आहेत. वस्तुतः दारांच्या चौकटी, आगगाडीचे डबे, शाळांतील बाके, जहाजांच्या कप्प्या यांपैकी कशाचाही विचार केला तरी गेल्या दोन शतकांत ही यंत्रे वगळून पुढे जाता येत नाही. एवढेच नव्हे, ज्या बिडाच्या ओतकामातून इतर सर्व यंत्रांचे सांगाडे निघाले, त्या ओतकामाची पहिली प्रतिकृती लाकडातच घडवावी लागे. म्हणजे लोखंडी यंत्राचा जन्मही आधी सुताराच्या हातून होत असे.

या उपेक्षित यंत्रांना अलीकडे एक अनपेक्षित आश्रय लाभला आहे. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत असे कित्येक गृहस्थ आढळतात, की जे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, गंजून लाल झालेली, भंगाराच्या वाटेला लागलेली सुतारकामाची यंत्रे विकत घेतात, मोटार ठेवण्याच्या खोलीत किंवा घरामागच्या पडवीत ती सुटी करतात, आणि महिनोन्महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे खपून ती पुन्हा चालती करतात. त्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, निवृत्त अभियंते आहेत. व्यापारासाठी हे करणारे थोडे. एक टनाहून अधिक वजनाची पट्टा-करवत घरात आणून ठेवणाऱ्याला शेजारीपाजारी काय म्हणत असतील याची कल्पना कोणालाही करता येईल! परंतु हा छंद केवळ लहरीपणाचा नाही. त्यामागे एक मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची पहिली घटनाही, योगायोगाने, एका राहत्या घरातच घडली.

ते घर लंडनमधील वेस्टमिन्स्टर भागात क्वीन स्क्वेअर प्लेस येथे होते, आणि त्याचा मालक होता उपयुक्ततावादाचा प्रणेता, तत्त्ववेत्ता जेरेमी बेंथॅम. त्याचा धाकटा भाऊ सॅम्युएल हा जहाजबांधणीत तरबेज होता. रशियात प्रिन्स पोटेम्किनच्या जहागिरीवर त्याने काही वर्षे काढली होती. तेथे मनुष्यबळ विपुल, पण कसबी कारागीर दुर्मीळ. अशा परिस्थितीत कारागिराचे कसब यंत्रातच भरून ठेवता येईल काय, हा प्रश्न त्याच्या मनात घोळू लागला. १७९१ मध्ये तो इंग्लंडला परतला तेव्हा थोरला भाऊ तुरुंगसुधारणेच्या योजनेत गढून गेला होता. ‘पॅनॉप्टिकॉन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या योजनेत वर्तुळाकार इमारतीच्या मध्यभागी बसलेल्या एकाच पहारेकऱ्याची नजर सर्व कैद्यांवर राहावयाची होती. या कैद्यांना काम काय द्यावयाचे? लाकूडकाम. पण त्यांना ते येणार कसे? यंत्रे करतील! दोघा भावांचे विचार येथे एकत्र आले आणि तत्त्वज्ञाच्या घरातच लाकूडकामाची यंत्रे तयार होऊ लागली. सॅम्युएलने १७९१ मध्ये रंधायंत्राचे आणि १७९३ मध्ये लाकूडकामाच्या अनेक क्रियांना व्यापणारे असे दुसरे विस्तृत पेटंट घेतले. पुढे १८७२ मध्ये जॉन रिचर्ड्स या यंत्रशास्त्रज्ञाने लाकूडकामाच्या यंत्रांवर पहिला भारदस्त ग्रंथ लिहिला. त्यानेही सॅम्युएल बेंथॅमला या विद्येच्या मूळपुरुषाचाच मान दिला आहे.

तो तुरुंग कधी उभा राहिला नाही. १८१३ मध्ये सरकारने जेरेमीला २३ हजार पौंडांची भरपाई देऊन ते प्रकरण मिटविले. यंत्रे मात्र राहिली. अडाण्याच्या हातूनही कसबी माणसाचे काम व्हावे, या हेतूने ती जन्माला आली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज त्याच कुळातील एखादे यंत्र चालते ठेवण्यासाठी जे कसब पणाला लावावे लागते, ते पाहून सॅम्युएल बेंथॅमलाही नवल वाटले असते.

१७९६ मध्ये सॅम्युएल इंग्लिश आरमाराचा प्रमुख तांत्रिक अधिकारी झाला. शिडांच्या जहाजांना त्या काळी लाकडी कप्प्या हजारांनी लागत. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला सुमारे १,००० कप्प्या, आणि साऱ्या आरमाराला वर्षाकाठी लाखभर. मार्क इसांबार ब्रुनेल हा फ्रेंच राज्यक्रांतीमुळे परागंदा झालेला अभियंता १७९९ मध्ये अमेरिकेतून इंग्लंडला आला, तो या कप्प्या यंत्राने करण्याची योजना खिशात घेऊनच. बेंथॅमने त्याला हात दिला, हेन्री मॉडस्ले या असामान्य कारागिराने यंत्रे घडविली, आणि १८०२ पासून पाच-सहा वर्षांत पोर्ट्‌स्मथच्या गोदीत ४५ यंत्रांचा एक कारखाना उभा राहिला. १८०८ मध्ये तेथून १ लाख ३० हजार कप्प्या बाहेर पडल्या. पूर्वी जे काम ११० कसबी माणसे करीत ते आता १० साधी माणसे करू लागली. उरलेल्या शंभरांचे काय झाले, हे सांगण्याची तसदी त्या काळच्या अहवालांनी फारशी घेतलेली नाही. पण यंत्रांचे काय झाले ते ठाऊक आहे: शिडांची जहाजे इतिहासजमा झाली तरी त्यांतील काही यंत्रे विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत कामावर होती, आणि आता लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यांतील काहींचे दर्शन घडते. दीडशे वर्षे राबलेले यंत्र! एवढे आयुष्य त्यांना कशामुळे लाभले, हाच या साऱ्या कथेतील कळीचा प्रश्न आहे.

इंग्लंडात जन्मलेली ही विद्या वाढली ती अमेरिकेत. तेथे जंगले अफाट, घरांची मागणी अफाट, आणि सुतारांची संख्या मात्र बेताची. १८२८ मध्ये पोकीप्सी गावच्या विल्यम वुडवर्थने फळी रंधून तिच्या कडांना एकाच वेळी जीभ आणि खोबणी पाडणारे यंत्र काढले. त्याच्या पेटंटाची मुदत दोनदा वाढवून घेण्यात आली आणि १८५६ पर्यंत, म्हणजे तब्बल २८ वर्षे, रंधलेल्या फळीवर मूठभर लोकांची मक्तेदारी चालली. तिच्या विरुद्ध खटल्यांचा पाऊस पडला. मक्ता संपताच यंत्रे करणारे कारखाने गावोगाव निघाले. तिकडे युरोपात पट्टा-करवतीची कथा निराळीच होती. दोन चाकांवरून अखंड फिरणाऱ्या पोलादी पट्टीची ही करवत लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८ मध्येच सुचविली होती. पण पट्टीचा सांधा टिकेना, म्हणून कल्पना कागदावरच राहिली. १८४६ मध्ये ॲन पॉलिन क्रेपिन या फ्रेंच महिलेने पट्टी जोडण्याच्या रीतीचे पेटंट मागितले आणि ते हक्क पॅरिसच्या पेरिन कंपनीने घेतले, तेव्हा कोठे ती करवत खऱ्या अर्थाने चालू लागली. गाडे अडले होते ते एका सांध्यापाशी.

यंत्रांच्या दीर्घायुष्याचे मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली, बीड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन आणि इंग्लिश यंत्रकारांनी आपल्या यंत्रांच्या अंगात बीड अगदी सढळ हाताने ओतले. बिडात कर्बाचे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि ते हादरे गिळून टाकतात. मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते जेव्हा लाकडाच्या गाठीवर आदळते तेव्हा हलके यंत्र थरथरते, जड यंत्र स्थिर राहते, आणि त्या स्थैर्याची सही रंधलेल्या फळीवर उमटते. बेळगाव-कोल्हापूरकडील ओतकामाच्या कारखान्यांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, पण नजरेआड असणारी. फिरणारा दंड ज्या आधारावर फिरतो तो आधार, म्हणजे बेअरिंग, हा प्रत्येक यंत्राचा दुबळा अवयव होय. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्‌समधील टॉन्टन गावच्या आयझॅक बॅबिटने बेअरिंगच्या पेटीला आतून मऊ धातूचे अस्तर देण्याची युक्ती काढली. कथील मुख्य, त्यात थोडे अँटिमनी आणि थोडे तांबे, असे ते मिश्रण. त्यातील कठीण कण दंडाचा भार पेलतात आणि भोवतालचा मऊ भाग दंडाच्या आकाराशी जुळवून घेतो. तेल संपले, बेअरिंग तापले, तर अस्तर वितळते. पोलादी दंड सहसा बचावतो. म्हणजे नाश पावावयाचा भाग आधीच ठरवून ठेवलेला, तोही स्वस्त, आणि मुख्य म्हणजे जागच्या जागी पुन्हा ओतता येण्याजोगा. रानातल्या एखाद्या करवत-गिरणीत, कारखान्यापासून शेकडो मैलांवर, तेथलाच कामगार एक कढई, एक चूल आणि जुनाच धातू एवढ्या सामग्रीवर यंत्राला नवे बेअरिंग देऊ शकत असे. यंत्र विकणाऱ्याने दुरुस्तीची किल्ली आपल्यापाशी न ठेवता विकत घेणाऱ्याच्या हाती दिली होती. आजच्या कित्येक वस्तू उघडावयाच्या झाल्या तर फोडाव्याच लागतात. त्यांच्याशी तुलना केली म्हणजे या जुन्या रचनेचे मोल कळते.

घरगुती यंत्रांची परंपराही बरीच जुनी आहे. इलिनॉय राज्यात रॉकफोर्ड येथे बार्न्स बंधूंनी १८७० नंतर पायाने चालवावयाची यंत्रे काढली. त्यांच्या नक्षीकरवतीवर सायकलीसारखे बसून पायटे मारावयाचे आणि हाताने पातळ फळी फिरवून नक्षी कापावयाची. त्या काळी नक्षीच्या जाळीकामाचे वेड अमेरिकेत घरोघरी पसरले होते. लहान गावच्या सुतारांनाही वाफेचे इंजिन परवडत नव्हते. तेही हीच यंत्रे घेत. नंतर वीज आली. १९१९ मध्ये मिल्वॉकी शहरात हर्बर्ट टाउट्झने आपल्या घरच्या मोटारखान्यात लहान यंत्रे करावयास आरंभ केला आणि त्यातून ‘डेल्टा’ ही कंपनी उभी राहिली. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात हौशी लोक तिची लहान करवत किंवा लेथ घेऊन त्याला जुन्या धुलाईयंत्राची मोटार जोडीत. १९३९ च्या सुमारास तिने बाजारात आणलेली ‘युनिसॉ’ ही मेज-करवत तर पुढे पिढ्यान्‌पिढ्या इतर करवतींचा आदर्श बनली. १९४५ मध्ये ती कंपनी रॉकवेलकडे गेली.

यंत्रांपुढे हरलेल्या हत्यारांचा कैवार मात्र फार लवकर घेतला गेला. पेनसिल्व्हेनियातील डॉइल्सटाउन येथे हेन्री चॅपमन मर्सर या विद्वानाने १८९७ मध्ये शेतकऱ्यांची, सुतारांची, लोहारांची हातहत्यारे गोळा करावयास सुरुवात केली. भंगारातील वाकस आणि रंधे म्हणजे राष्ट्राच्या उभारणीची साधने होत, अशी त्याची श्रद्धा होती. १९१६ मध्ये त्याने या संग्रहासाठी काँक्रीटची एक टोलेजंग इमारत उभी केली आणि १९२९ मध्ये जुन्या सुतारांच्या हत्यारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३३ मध्ये जुन्या उद्योगांचा अभ्यास करणारी संस्थाही अमेरिकेत निघाली. या सर्वांचे प्रेम हातहत्यारांवर. यंत्रे ही त्यांच्या दृष्टीने मारेकऱ्यांच्या पक्षातील! शिवाय रंधा भिंतीवर टांगता येतो. दीड टनाचे रंधायंत्र टांगावयाचे कोठे?

म्हणून यंत्रांच्या वाट्याला आले ते वजन. १९४२ मध्ये युद्धासाठी भंगार गोळा करण्याची मोहीम अमेरिकेत जोरात चालली, तीत असंख्य जुनी यंत्रे भट्टीत गेली. युद्धानंतर लाकडाची जागा पत्र्याने आणि प्लॅस्टिकने घेतली. ओतशाळांच्या लाकडी प्रतिकृती करणारे विभाग एकेक करून बंद पडले. शाळांतून सुतारकामाचे वर्ग उठले. सिनसिनाटीचा फे अँड ईगन हा १८९३ मध्ये दोन मोठ्या घराण्यांच्या मिलाफातून निघालेला कारखाना एके काळी जगभर यंत्रे पाठवीत असे. त्याचे नाव आता जुन्या ओतकामावरच वाचावयास मिळते. कारखाना बंद पडला म्हणजे त्याची रेखाचित्रे, फर्मे, हिशेबाच्या वह्या यांचीही बहुधा वासलात लागते. अशा वेळी त्या यंत्राविषयी जे काही कळावयाचे ते त्या यंत्राकडूनच कळून घ्यावे लागते. घरी बसून ते खोलणाऱ्या माणसाचे महत्त्व येथे आहे. त्याला कोणी इतिहाससंशोधक म्हणत नाही, पण मोडी कागद वाचणाऱ्याइतकीच चिकाटी त्याला लागते.

पहिले काम ओळख पटविण्याचे. बिडात उठावाच्या अक्षरांत कारखान्याचे नाव असते, कधी पेटंटांच्या तारखा असतात. यंत्र त्या तारखांच्या आधीचे नाही एवढे त्यावरून ठरते. लीस्टरच्या वॉडकिन कंपनीच्या यंत्रांवर एक पितळी पट्टी असते. तिच्यावरील अक्षरांवरून यंत्राची जात आणि आकड्यावरून साधारण वय कळते. मग सुटे करणे. गंजलेला बोल्ट बळाने फिरविणारा नवशिका तो मोडून बसतो. अनुभवी माणूस तेल सोडतो, ऊब देतो, हलकेच ठोकतो आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहतो. प्रत्येक भागाला खुणेची चिठ्ठी बांधावी लागते, कारण त्या काळचे भाग हातांनी जुळविलेले असत आणि डाव्या बाजूची पेटी उजवीकडे बसेलच असे नाही.

गंज काढण्याची एक रीत तर शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी भरून त्यात धुण्याचा सोडा विरघळवितात. गंजलेला भाग एकदिश विजेच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचे पत्रे धन टोकाला जोडून दोन्ही एकमेकांना न टेकता पाण्यात सोडतात. रात्रभरात गंज सुटून काळा राळ होतो आणि खालचे मूळ बीड जसेच्या तसे उरते. घासून-खरडून गंज काढला तर मूळ धातूही झिजतो. येथे तसे होत नाही. मात्र या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून ती उघड्यावर करावी लागते. धन टोकाला स्टेनलेस पोलाद लावणे घातक, कारण त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियमचे भाग तर त्या पाण्यात घालूच नयेत, ते खाऊन जातात. जुन्या रंगात बहुधा शिसे असते. तो कोरडा घासून धूळ उडविणे म्हणजे घरातल्या मुलाबाळांच्या पोटात विष घालणे होय.

त्यानंतर येते ते बॅबिटचे काम, आणि येथे खरी परीक्षा. जुने अस्तर वितळवून काढावयाचे. दंड नेमक्या पातळीत, नेमक्या रेषेत धरून ठेवावयाचा. धातू चिकटू नये म्हणून त्याला मेणबत्तीची काजळी धरावयाची. पेटीच्या दोन्ही तोंडांना मातीचे बांध घालावयाचे आणि पेटी व दंड दोन्ही ऊन करावयाचे. थेंबभर ओल राहिली तर ओतताक्षणी वाफेचा स्फोट होऊन तापलेला धातू तोंडावर उडतो. धातू पुरता तापला की नाही हे पाहण्यासाठी जुने कारागीर पाइनची काडी त्यात बुडवीत. काडी नुसती कोमट झाली तर धातू थंड आहे. भडकन पेटली तर फाजील तापला आहे. करपून तपकिरी झाली म्हणजे योग्य. मग हात न थांबविता एका दमात ओतावयाचे. थांबले तर अस्तरात थर पडतात आणि सारे पुन्हा करावे लागते. थंड झाल्यावर दंडाला निळा रंग लावून तो फिरवितात. जेथे निळे डाग पडतात तेथला उंचवटा खरडतात, पुन्हा फिरवितात, पुन्हा खरडतात. पेटीच्या दोन अर्धुकांमध्ये पातळ पत्र्यांच्या चकत्या ठेवलेल्या असतात. पुढे झीज झाली की त्यांतील एकेक काढून बेअरिंग घट्ट करता येते. शंभर वर्षांपूर्वी ओतलेल्या पेटीत अशा चकत्या जशाच्या तशा सापडतात, तेव्हा शेवटच्या कामगाराने यंत्र अजून काही वर्षे चालेल या भरवशाने सोडले होते हे उघड होते.

घरात ही यंत्रे चालविण्यात वीज ही एक अडचण असते. कारखान्यांसाठी केलेल्या यंत्रांना बहुधा तीन फेजची वीज लागते आणि घरात येते ती एका फेजची. त्यावर आता इलेक्ट्रॉनिक उपकरणे मिळतात. पूर्वी एक जादा मोटार फिरती ठेवून तिसरा फेज निर्माण करीत. ही अडचण सुटणारी आहे. खरा वादाचा विषय दुसराच आहे.

जुन्या रंधायंत्रांत पाती एका चौकोनी दांड्यावर बोल्टांनी आवळलेली असत. फिरताना चौकोनाच्या कडा आणि मेज यांच्यामध्ये मोठी फट पडे. हाताने फळी दाबणाऱ्याची बोटे घसरली तर त्या फटीत हात ओढला जाई आणि मग बोटे नव्हे तर पंजाच जाई. गोल दांड्यात ही फट अगदी अरुंद होते. इजा होते, पण हात बहुधा वाचतो. इंग्लंडात १९२२ च्या नियमांनी हाताने सरकवावयाच्या रंधायंत्रात गोल दांडाच असला पाहिजे असे बंधन घातले, ते हजारो हात गेल्यानंतर. आता प्रश्न असा, की १९०० सालचे चौकोनी दांड्याचे यंत्र ज्याच्या घरी आले त्याने काय करावे? मूळ स्वरूप अबाधित राखावे, असे संग्राहक म्हणतात. दांडा बदलून गोल घालावा, असे वापरणारे म्हणतात. दोन्ही पक्षांत निष्ठावंत लोक आहेत. तथापि याबाबत दुमत होण्याचे वास्तविक कारण नाही. मूळ चौकोनी दांडा तेल लावून, कापडात गुंडाळून फडताळात ठेवता येतो. दस्तऐवज म्हणून तो अनमोल आहे. पण त्या दस्तऐवजाच्या शेवटी आणखी एका बोटाची सही कशाला हवी?

रंगाचा वाद त्या मानाने सौम्य. काहीजण यंत्र आरशासारखे चकचकीत करतात. ओतकामाचा खडबडीतपणा लुकणाने बुजवून, वर मोटारगाडीचा रंग चढवून ते यंत्र असे उभे करतात, की ते कारखान्यातून निघाले तेव्हाही तसे नव्हते. दुसरे लोक वर्षानुवर्षे हात लागून झिजलेला दांड्याचा भाग, कोण्या अज्ञात कामगाराने मेजावर कोरलेली मापे, हे सारे तसेच ठेवतात. या दुसऱ्या पंथाचे पारडे जड मानावे लागेल. गंज काढलाच पाहिजे, तो शत्रू आहे. पण झीज ही वापराची नोंद आहे आणि ती पुसली म्हणजे यंत्राचे अर्धे चरित्र पुसले जाते. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांना गंध-फूल वाहतात. त्या दिवशी कोणी झिजलेल्या रंध्याला नवा रंग देऊन पूजेत मांडीत नाही.

सर्वांत बिकट प्रसंग येतो तो एखादा भागच हरवलेला असतो तेव्हा. मेज वर-खाली करण्याचे हातचाक नसते, किंवा पट्ट्यावरचे झाकण फुटलेले असते. बिडाला साध्या रीतीने जोड देणे कठीण. तापवून पितळेच्या जातीच्या धातूने झाळता येते, परंतु भागच नसेल तर झाळणार काय? कारखाना नाही, गोदाम नाही, नकाशा नाही. मग त्याच जातीचे यंत्र असलेला दुसरा गृहस्थ शोधावा लागतो. कधी तो दुसऱ्या खंडात असतो. तो आपल्या यंत्राची मापे घेऊन पाठवितो, क्वचित भागच काढून पाठवितो. त्या मापांवरून लाकडाची प्रतिकृती, म्हणजे ओतकामातला फर्मा, करावयाचा. बीड थंड होताना शेकडा एक या मानाने आकसते, म्हणजे फुटाला एक अष्टमांश इंच. म्हणून फर्मा करणाऱ्याची मोजपट्टीच निराळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून तेवढाच मोठा असतो. साच्यातून फर्मा अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावयाचा, कोपरे मेणाने किंवा चामड्याच्या पट्टीने गोलसर करावयाचे, आणि तो जवळच्या ओतशाळेत न्यावयाचा.

असा फर्मा ज्याने केला तो सहसा तो टाकून देत नाही. एका यंत्रासाठी केलेला फर्मा दुसऱ्याला उपयोगी पडतो, तिसऱ्याकडे जातो. नावनिशी लिहिलेल्या पेट्यांतून हे फर्मे या घरातून त्या घरात फिरत असतात. आणि ते ज्या पट्टा-करवतीवर कापलेले, ज्या लेथवर कातलेले आणि ज्या रंधायंत्रावर रंधलेले असतात, त्या यंत्रांची हातचाकेही कोणीतरी असेच फर्मे पाठवून, पुन्हा ओतून घेतलेली असतात.